हाताला कोरडं, आतून ओलं: वाळपईतल्या एका विजेच्या ब्लँकेटचं प्रकरण

गणेश चवथीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. बंद पडलेले मिक्सर, विहिरीवरचे पंप, माळ्यावरून काढलेल्या दिव्यांच्या माळा, सगळं एकदम येतं. माझं गोव्यात वाळपईला मोटार वाइंडिंगचं आणि घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. त्या गर्दीत ओळखीच्या घरातल्या वहिनी एक मोठी कापडी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे आधी बघा. मिक्सर मागाहून दिलात तरी चालेल."

पिशवीत विजेचं ब्लँकेट होतं.

गोव्यात विजेचं ब्लँकेट कशाला, असं किनाऱ्यावरचा माणूस विचारेल. आमच्या सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारा विचारणार नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे चांगली थंडी पडते आणि पावसाळ्यात सगळं घर दमट होऊन बसतं. वहिनींच्या सासूबाईंना संधिवात आहे. पाऊस लागला की त्यांचे गुडघे आणि बोटं धरतात. ब्रिटनमध्ये असलेल्या लेकीने चार वर्षांपूर्वी येताना हे ब्लँकेट आणलं. गादीवर पसरायचं, वर चादर घालायची, झोपण्याआधी अर्धा तास लावायचं आणि आडवं होताना बंद करायचं. आजी त्याला "ऊबचटई" म्हणतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या वयात त्यांना मिळालेल्या वस्तूंत ही सगळ्यांत कामाची. म्हणूनच मी मिक्सर बाजूला सारला.

ब्लँकेट ब्रिटनमधलं, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्न नव्हता. तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिका किंवा कॅनडातून कुणी आणणार असेल तर मात्र पाठीमागची चिठ्ठी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथली ब्लँकेटं 120 व्होल्टची असतात. ती आपल्या 230 व्होल्टवर लावली तर तार ठरलेल्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त उष्णता काढायला बघते. मग धुण्या-वाळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता झालं काय ते.

आजींच्या हातून पेज सांडली. ब्लँकेट बंद होतं, प्लगही काढलेला होता, हे बरं. पण पेज सुकली की कापड पापडासारखं कडक होतं आणि दोन दिवसांत आंबूस वास मारायला लागतो. त्यात चवथ तोंडावर आलेली. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, घरातलं सगळं धुवायला निघालेलं. वहिनींनी ठरवलं, हेही धुऊन टाकू.

वहिनींनी धुतलं कसं हे मी खोदून खोदून विचारलं, कारण नव्वद टक्के वेळा घोटाळा तिथेच असतो. इथे तो नव्हता. त्यांनी आधी ब्लँकेटचा रिमोट, म्हणजे तापमान ठरवायचा कंट्रोलर, ब्लँकेटच्या कोपऱ्यातल्या सॉकेटमधून काढून कपाटात ठेवला. शिवलेली चिठ्ठी वाचली. टबचं चित्र, त्यात 30 आणि खाली एक रेघ, म्हणजे 30 अंशांपर्यंतचं पाणी आणि हलकी धुलाई. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीवर फुली. वर्तुळावर फुली, म्हणजे ड्रायक्लीनिंग नको. त्यांच्याकडे दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, पण त्याच्या पिळणाऱ्या टबात कपडे कसे दोरखंडासारखे गुंततात ते त्या रोज बघतात. म्हणून मशीनच्या वाटेला न जाता मोठ्या टपात साध्या पाण्यात पातळ साबण घालून ब्लँकेट पंधरा मिनिटं भिजवलं, पेजेच्या डागावर बोटांनी हलकेच चोळलं, तीन पाण्यांतून काढलं. पिळलं नाही. जुन्या टॉवेलांत गुंडाळून तळव्यांनी दाबत पाणी काढलं. मी 23 वर्षं ही कामं करतोय. याहून नीट धुतलेलं विजेचं ब्लँकेट माझ्याकडे आलेलं नाही.

चुकलं ते पुढे. त्या चिठ्ठीवर आणखी एक चित्र होतं आणि त्याचा अर्थ घरात कुणालाच ठाऊक नव्हता. साधा चौकोन, मधोमध एक आडवी रेघ, डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा. कपड्यांच्या खुणांत चौकोन म्हणजे वाळवणं. आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून. तिरक्या रेघा म्हणजे सावलीत. टब सगळ्यांना कळतो, इस्त्री कळते, हा चौकोन कुणी बघत नाही. घरच्या बऱ्याच स्वेटरांवर तो असतो.

ब्लँकेट पडवीतल्या दांडीवर गेलं. बाहेर मुसळधार, त्यामुळे अंगणाचा प्रश्नच नव्हता. घरच्या गड्याने ते नेहमीच्या चादरीसारखं एका अंगाला लांब सोडून टाकलं आणि ज्या कोपऱ्यात सॉकेट शिवलेलं आहे नेमका तोच कोपरा सगळ्यांत खाली आला. पाणी उताराला जातं. आख्ख्या ब्लँकेटमधलं पाणी दोन दिवस कापडातून झिरपत त्या कोपऱ्यात येत राहिलं. वहिनींना दुसऱ्या दिवशीसुद्धा त्या कोपऱ्याला लोंबणारा थेंब आठवत होता. त्यांनी तो येता-जाता पुसलाही होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात फिरवला तर ब्लँकेट कोरडं लागलं, किंचित गार. पावसाळ्यात गार आणि ओलं यांतला फरक हाताला कळत नाही, हे वाळत घातलेली चादर चाचपणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. घरातल्या भावांनी सुचवलं, "गरम व्हायचीच वस्तू आहे. पसरून लाव, उरलंसुरलं आपोआप सुकेल." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. वरवर ते पटण्यासारखंच आहे. ब्लँकेट लाकडी पलंगावर पसरलं, रिमोट लावला, बटण दाबलं. दिवा लागला, काही सेकंदांत लुकलुकायला लागला आणि मग बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायच्या आधी वहिनींनी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग उपटला. आजी तेव्हा देवघरात होत्या.

दुकानात मी पहिल्यांदा ते ब्लँकेट दिव्यासमोर धरलं. कापडातून तारेची वेटोळी दिसतात. सारख्या अंतरावर आहेत का, कुठे गाठ, दुमड किंवा एकमेकींवर चढलेली तार आहे का, कुठे तपकिरी डाग आहे का, ते बघितलं. काही नव्हतं. सॉकेटच्या तोंडात बारीक टॉर्च मारला. पिना चकचकीत, हिरवा गंज नाही, दोन पिनांमधे काळी रेघ नाही. ती काळी रेघ असती तर मी पुढे हातच लावला नसता. ओल्या प्लास्टिकवरून वीज सरपटली की तिथे कोळशाची वाट तयार होते, आणि ती कितीही पुसली तरी वीज पुढच्या वेळी त्याच वाटेने जाते.

मग मल्टिमीटर. ब्लँकेट 60 वॅटचं. 230 चा वर्ग करून 60 ने भागलं की तारेचा रोध 880 ओमच्या आसपास येतो. तापणाऱ्या तारेच्या दोन पिनांमधे 890 आलं. म्हणजे तार शाबूत. पण तापणारी तार आणि सेन्सर तार यांच्यामधे, जिथे मीटरने रेंजबाहेर दाखवायला हवं होतं, तिथे 38 हजार ओम.

इथे तारेची रचना सांगावी लागेल, नाहीतर दिवा का लुकलुकला ते कळणार नाही. या ब्लँकेटातली तार इस्त्रीच्या कॉइलसारखी साधी नसते. मधे दोऱ्यासारखा गाभा, त्यावर गुंडाळलेली तापणारी बारीक तार, त्यावर खास प्लास्टिकचा थर, त्यावर सेन्सरची दुसरी तार आणि सगळ्यात बाहेर आवरण. मधला थर थंड असताना वीज जवळपास जाऊ देत नाही. कुठेही तार जास्त तापली की त्या थरातून थोडी वीज सेन्सरकडे निसटते. रिमोटला ती दिसते आणि तो पुरवठा तोडतो. आठ-दहा मीटर तारेत नेमकी कुठे घडी पडून तापलं हे त्याला माहीत असायची गरज नसते. आपल्या प्रकरणात तार गारच होती. सॉकेटात, पिनांच्या बुडाशी साचलेलं पाणी तापणाऱ्या तारेकडून सेन्सरकडे वीज नेत होतं. रिमोटला वाटलं, ब्लँकेट भाजतंय. त्याने आपलं काम चोख केलं.

वहिनींनी विचारलं, "आमच्याकडे आरसीसीबी आहे ना? तो का नाही पडला?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण घराघरांत लोक त्या एका खटक्याच्या भरवशावर असतात. आरसीसीबी बघतो ते एवढंच की गेलेली वीज सगळी परत आली का. 30 मिलिअँपियरचा असेल तर तेवढी वीज जमिनीकडे गळली की तो पडतो. पण या ब्लँकेटला अर्थची तार नाही, ते दुहेरी इन्सुलेशनचं. पलंग लाकडी. ओल्या ब्लँकेटमधून जमिनीकडे जायला वाटच नव्हती, म्हणून गळतीही नव्हती. ती वाट तयार झाली असती ती आजी त्यावर आडव्या झाल्यावर आणि त्यांचा एक पाय फरशीला किंवा हात लोखंडी टेबलाला लागल्यावर. आरसीसीबी पडला असता तर तेव्हाच, झटका बसायला लागल्यावर. तो शेवटचा आधार आहे. घरात असायलाच हवा, पण त्याच्या भरवशावर ओली वस्तू लावून बघायची नसते.

हे सांगताना वहिनींचा चेहरा उतरला. मी त्यांना खरं तेच सांगितलं की प्लग तुम्ही काढलात आणि तिसऱ्यांदा लावलं नाहीत, तिथेच ही गोष्ट वाचली.

पुढे 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. ब्लँकेटखाली आणि सॉकेटभोवती स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, वर सपाट दाब, सगळ्या पिना एकत्र जोडून त्या आणि फॉइल यांच्यामधलं इन्सुलेशन मोजलं. 0.9 मेगाओम. ब्रिटनमधे अशा दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाच्या तपासणीत 2 मेगाओम ही किमान रेघ धरतात. म्हणजे नापास.

मग वाळवणं. आमच्या धंद्यात ओलं वाळवायची जुनी रीत आहे. विहिरीत बुडालेल्या पंपाचं वाइंडिंग पेटीत ठेवायचं, आत 100 वॅटचे दोन पिवळे बल्ब लावायचे आणि मेगरचा काटा चढेपर्यंत थांबायचं. ब्लँकेटला ही रीत चालत नाही. तांब्याच्या वाइंडिंगवरचा वॉर्निश शंभर अंश सहज सोसतो, पण साधं पीव्हीसीचं आवरण 70 अंशांपर्यंतचं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, आणि आतली तार एका बाजूला सरकून आवरण तिथे पातळ होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून बल्बची पेटी नाही, हेअर ड्रायर नाही, इस्त्री नाही, आणि आपल्याकडे पावसात पोरांची लंगोटं चुलीवरच्या वलणीवर किंवा निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून सुकवतात तसं तर मुळीच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आजींनी नेमकं तेच सुचवलं होतं. आमच्या दोन पिढ्या त्या टोपलीवरच्या उबदार कपड्यांत वाढल्यात. त्या कपड्यांत तार नव्हती.

ब्लँकेटला उष्णता नको होती, कोरडी हवा हवी होती. वॉर्निशसाठी मी दुकानात हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवतो. ते वहिनींच्या पडवीत नेऊन ठेवलं तर 92 टक्के. अशा हवेत पंखा लावला तरी तो ओली हवाच इकडून तिकडे ढकलतो. चिठ्ठीवर "सावलीत वाळवा" लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाणी शोषून घेणारी हवा असते. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधे, आणि वाळपई हा तर राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी. इथल्या ऑगस्टमधल्या सावलीत काहीच वाळत नाही, फक्त बुरशी धरते.

त्यांच्या मुलाच्या खोलीत एसी आहे. तो ड्राय मोडवर लावला, दार-खिडक्या बंद. दोन तासांत घड्याळ 57 वर आलं. नायलॉनच्या पट्ट्यांची फोल्डिंग खाट मधोमध उघडली आणि ब्लँकेट तिच्यावर सपाट पसरलं, म्हणजे खालूनही हवा लागेल. चिमटे नाहीत, कारण चिमटा नेमका तारेवरच बसतो. सॉकेटचा कोपरा उशीवर उचलून ठेवला, पण तोंड खाली कललेलं, म्हणजे कापडातलं पाणी तिकडे येणार नाही आणि आतलं असेल ते बाहेर पडेल. सॉकेटात कापसाचा बोळा किंवा काडी घालायची नाही, तंतू आत अडकतात. टेबल फॅन जमिनीवर, खाटेखालून तिरका. सकाळ-संध्याकाळ ब्लँकेट उलटं करायचं.

आणि वजन. ही मला सगळ्यात भरवशाची वाटलेली गोष्ट, आणि तिला मेगर लागत नाही. शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाच ग्रॅमचा फरक दाखवतो. ब्लँकेट माझ्याकडे आलं तेव्हा हाताला कोरडं होतं आणि वजन होतं 1140 ग्रॅम. एका दिवसाने 1075. दुसऱ्या दिवसाने 1040. तिसऱ्या दिवशी 1030. चौथ्या दिवशीही 1030, आणि संध्याकाळी परत 1030. म्हणजे ज्या ब्लँकेटला सगळं घर कोरडं म्हणत होतं त्यात 110 ग्रॅम पाणी होतं. चहाचा एक कप भरेल एवढं. मी दुकानात तेवढं पाणी कपात ओतून वहिनींना दाखवलं. त्या बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी तापणारी तार आणि सेन्सर यांच्यामधे मल्टिमीटर 20 मेगाओमच्या रेंजबाहेर. मेगरवर 200 मेगाओमच्या वर. तरी मी ते लगेच दिलं नाही. दुकानातल्या कोरड्या फरशीवर सपाट पसरलं, अंगावर काही नाही, सगळ्यात कमी आकड्यावर एक तास. मग बंद करून, प्लग काढून, हात फिरवत सगळी वेटोळी तपासली. एखादा पट्टा थंड राहिला तर तार तुटलेली, एखादा ठिपका जास्त तापला तर तार एकमेकींवर आलेली. सगळीकडे सारखी ऊब होती. मग वरच्या आकड्यावर एक तास, पुन्हा हात. तेव्हा कुठे पिशवीत भरलं.

घरी मीटर नसेल आणि दिवा एकदा लुकलुकला असेल, जळका वास आला असेल, तर ब्लँकेट परत लावून बघण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे मेगर आहे त्याच्याकडे न्या, नाहीतर टाकून द्या. दहा वर्षांवरचं ब्लँकेट चालू असलं तरी बदला, असं तर ब्रिटनमधली अग्निशमन दलं दर हिवाळ्यात सांगतात. मी स्वतः ही तार कधी जोडून देत नाही. लोक म्हणतात, एक टाका मारा ना. पण सोल्डरचा टाका म्हणजे माणसाच्या पाठीखाली एक कडक ठिपका, आणि दुमडला की तो तिथेच तुटणार.

वहिनींच्या मनात आणखी एक होतं: आता हे कपाटात ठेवायचं तर डांबराच्या गोळ्या घालू का? नको. त्या गोळ्यांची वाफ तारेच्या आवरणात मुरते आणि ते बिघडवते. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाने होतं तसंच. घट्ट घडीही नको. सैल गुंडाळी करून कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, त्यावर दुसरं काही न रचता.

ब्लँकेट चवथीच्या आदल्या संध्याकाळी घरी गेलं. मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट, बांधायच्या वेळीच पोचलो, त्यामुळे बसायला कुणाला सवड नव्हती. आजींनी मात्र मला आत बोलावून ते पलंगावर पसरायला लावलं आणि तळवा त्यावर ठेवून म्हणाल्या, "आता भिजलेलं नाही ना रे बाबा?" मी वजनाचे चार आकडे कागदावर लिहून आणले होते, ते त्यांना वाचून दाखवले.

जानेवारीत वहिनींनी ते पुन्हा धुतलं, या वेळी मला न विचारता. धुण्याआधी किराणा दुकानात नेऊन वजन केलं, 1035. फोल्डिंग खाट अंगणात आंब्याखाली मांडली, दुपार उलटल्यावर आत घेतली, दोन दिवस घरात तशीच पसरून ठेवली. मला फोन आला तो वजन सांगायला. "1030 आलं, दादा. पाच ग्रॅम कमी आहे. तो मळ असेल ना?"

मळच होता.